सुरू होऊन लगेच बंद पडणारी गाडी : दोष कसा शोधावा?

चारचाकी गाडी ही आता केवळ बंगलेवाल्यांची वस्तू राहिलेली नाही. आपल्या वसाहतींमधून शिक्षक, कारकून, कंपनी कामगार, छोटे कंत्राटदार अशा अनेकांच्या दारात आज गाडी उभी दिसते. त्यातील बऱ्याच गाड्या जुन्या बाजारातून, काही शिल्लक आणि काही कर्ज अशी जुळवाजुळव करून घेतलेल्या असतात. काहींच्या बाबतीत तर गाडी हेच पोटापाण्याचे साधन असते. विमानतळ, रेल्वे स्टेशन किंवा वेरूळची भाडी करून ते घर चालवितात. अशी गाडी एका सकाळी सुरू होते आणि लगेच बंद पडते. पुन्हा सेल्फ मारावा, पुन्हा सुरू होते, पुन्हा बंद! मग गॅरेजचे खेटे सुरू होतात. आज पंप बदलला, उद्या प्लग, परवा बॅटरी. महिन्याचा हप्ता एकीकडे आणि गॅरेजचे बिल दुसरीकडे, अशा कात्रीत घर सापडते.

हा लेख कोणाला मेकॅनिक बनविण्यासाठी लिहिलेला नाही. प्रस्तुत लेखक स्वतः कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकुनी करतो. परंतु दोष शोधणे ही केवळ हत्यारांची बाब नसून विचार करण्याची रीत आहे, आणि ती कोणालाही शिकता येते. बंद पडण्याची वेळ आणि तऱ्हा नीट पाहिली, तर गाडी स्वतःच आपला दोष बरेचसे सांगून टाकते. सुट्या भागांना हात लावण्याआधी हे ऐकून घेतले, तर पैसा वाचतो.

बँकेतील एक दाखला देतो. दिवसाअखेर हिशेब जुळला नाही, तर जुने जाणते कर्मचारी सगळी व्हाउचरे पुन्हा उपसत बसत नसत. ते आधी फरकाचा आकडा पाहत. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर बहुधा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते, म्हणजे ७२ चे २७ लिहिले गेलेले असतात. फरक सम असेल, तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद जमेऐवजी नावे पडली आहे काय, हे पाहत. चूक कोणत्या जातीची आहे हे फरकच सांगतो. इंजिनाचेही तसेच आहे.

इंजिनाला काय काय लागते?

पेट्रोल इंजिन चालण्यासाठी चार गोष्टी लागतात. हवा, इंधन, योग्य वेळी पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधील दाब, म्हणजेच कॉम्प्रेशन. अलीकडच्या गाड्यांत पाचवी गोष्ट आली आहे, ती म्हणजे गाडीतील संगणकाची परवानगी.

आता लक्षात घ्या, गाडी सुरू झाली याचा अर्थ काय? सेल्फ फिरला, म्हणजे बॅटरीत व सेल्फमध्ये निदान तेवढा जोर आहे. इंजिनाने पेट घेतला, म्हणजे त्या क्षणी हवा, इंधन, ठिणगी आणि दाब हे चौघेही हजर होते. तेव्हा अशा गाडीला पहिल्याच दिवशी नवी बॅटरी किंवा नवा सेल्फ घालणे म्हणजे जो हजर आहे त्याचीच गैरहजेरी मांडणे होय. सुरुवातीला हजर असलेले कोण आणि कधी निघून गेले, एवढाच प्रश्न उरतो. म्हणून घड्याळाकडे पाहा आणि गाडी किती सेकंद चालते ते मोजा.

सेकंदांचा हिशेब

१) किल्ली सोडताक्षणी बंद. सेल्फ फिरत असेपर्यंत इंजिन चालते आणि किल्ली सेल्फच्या खुणेवरून मागे ‘ऑन’वर आली की थांबते. येथे संशय किल्लीच्या स्विचवर घ्यावा. सेल्फच्या वेळी वीज एका मार्गाने जाते आणि नंतर दुसऱ्या. दुसऱ्या मार्गाचा संपर्क झिजलेला असला की इंजिनाची वीज तुटते. काही जुन्या गाड्यांत ठिणगीच्या कॉइलआधी एक रेझिस्टर असे. सेल्फच्या वेळी वीज त्याला टाळून जाई. तो जळाला की गाडी नेमकी याच तऱ्हेने बंद पडे. रिले सैल किंवा जळालेला असला तरीही असा अनुभव येतो.

२) दरवेळी बरोबर एक-दोन सेकंदांनी बंद आणि डॅशबोर्डवर किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकणे. हे बहुधा चोरीविरोधी यंत्रणेचे, म्हणजे इमोबिलायझरचे काम असते. किल्लीच्या मुठीत एक बारीक चिप असते. तिची ओळख पटली नाही, तर काही गाड्यांत इंजिन मुळीच सुरू होत नाही आणि काहींत सुरू होऊन लगेच बंद केले जाते. घरातील दुसरी किल्ली आणून पाहावी. दुसऱ्या किल्लीने गाडी नीट चालली, तर दोष पहिल्या किल्लीत आहे. या तपासणीला एक पैसाही लागत नाही. जुनी गाडी घेताना दोन्ही किल्ल्या मागून घ्याव्यात, त्या यासाठीच.

३) पाच-दहा सेकंद चालून, धापा टाकत बंद. येथे इंधनाचा संशय घ्यावा. नळीत शिल्लक राहिलेल्या पेट्रोलवर इंजिन सुरू होते, पण मागून पुरवठा येत नाही. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोलची मोटर टाकीतच असते. किल्ली ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घूं असा आवाज येतो. तो येतो की नाही, हे शांत जागी कान देऊन ऐकावे. आवाज नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग वायर आणि सर्वांत शेवटी मोटर पाहावी. आवाज असेल, तर किल्ली दोन-तीन वेळा ‘ऑन-ऑफ’ करून मग सेल्फ मारावा. त्यामुळे गाडी नेहमीपेक्षा जास्त वेळ चालली, तर पेट्रोलचा दाब कमी पडतो असे समजावे. फिल्टर तुंबलेला असेल किंवा मोटर थकलेली असेल. पक्के उत्तर मात्र दाब मोजणाऱ्या मीटरनेच मिळते. कित्येक पेट्रोल गाड्यांत हा दाब सुमारे ३ बार असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा आणि मीटर लावल्याशिवाय नवी मोटर घेऊ नये.

४) रेस दिली की चालते, पाय काढला की बंद. ही तऱ्हा अतिशय बोलकी आहे. रेस दिल्यावर इंजिन चालते याचा अर्थ इंधन आणि ठिणगी बहुधा ठीक आहेत. अडचण आहे ती पाय काढल्यावर लागणाऱ्या थोड्याशा हवेची. अॅक्सिलरेटरला जोडलेली झडप ज्यात असते त्या थ्रॉटल बॉडीत काळा, चिकट थर साचतो आणि हवेची वाट बंद होते. काही गाड्यांत आयडलिंगची हवा सोडणारा वेगळा व्हॉल्व्ह असतो, तो अडकतो. किंवा याच्या उलट घडते. एखादी रबरी नळी फाटून किंवा निसटून न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि इंजिन बसते. बोनेट उघडून कान दिल्यास सूं असा आवाज ऐकू येतो. मराठवाड्याच्या उन्हात रबर कडक होऊन तडकते, आणि पावसाळ्यात उभ्या गाडीत शिरलेले उंदीर नळ्या आणि वायरी दोन्ही कुरतडतात. गळती शोधण्यासाठी तापलेल्या इंजिनावर पेट्रोल किंवा ज्वालाग्राही फवारा मात्र कधीही मारू नये.

५) थंडपणी ठीक, तापल्यावर बंद; किंवा याच्या उलट. तापल्यावर बंद पडून तासाभराने पुन्हा मुकाट सुरू होणाऱ्या गाडीत क्रँकशाफ्टचा सेन्सर तपासावा. तापल्यावर त्याच्या आतील जोड तुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा लागतो. सकाळी थंडपणीच बंद पडत असेल, तर पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर तपासावा. इंजिन थंड आहे हे संगणकाला कळले नाही, तर तो जादा पेट्रोल सोडत नाही.

६) फक्त पेट्रोल भरल्यानंतरच बंद. टाकीतील वाफ इंजिनात सोडणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो उघडा अडकला, तर भरलेल्या टाकीतील वाफ अवेळी आत जाते आणि इंजिन गुदमरते.

पद्मिनीच्या काळातील शहाणपण

ही रीत काही आजची नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी मुंबईची टॅक्सी म्हणून घराघरांत माहीत झाली. तिला कार्बोरेटर होता आणि पेट्रोलचा पंप इंजिनालाच लागून बसविलेला होता. मे महिन्याच्या गर्दीत इंजिन तापले, की पंपातील आणि नळीतील पेट्रोलची वाफ होई. पंपाला वाफ ओढता येत नसे. गाडी सुरू होऊन थोडे चालून बंद पडे. अनुभवी चालक पंपावर ओले फडके टाकून पाच-दहा मिनिटे थांबत आणि पुन्हा निघत. त्यांनी कोणता भाग बदलला? कोणताच नाही. गाडी केव्हा बंद पडते, एवढे त्यांनी नीट पाहिले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरील शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० हीदेखील आरंभी कार्बोरेटरचीच होती. पुढे धुराचे नियम कडक होत गेले तसे कार्बोरेटर मागे पडून इंजेक्शन आले, आणि एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. हत्यारे बदलली, परंतु शोधण्याची रीत तीच राहिली.

स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगत नाही

आजच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस १६ पिनांचे एक सॉकेट असते. त्याला स्कॅनर जोडला की संगणकाने नोंदविलेले संकेतांक दिसतात. उदाहरणार्थ, पी-०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी, पी-०३३५ म्हणजे क्रँकशाफ्ट सेन्सरच्या सर्किटमधील दोष, पी-०५०५ म्हणजे आयडलिंगच्या यंत्रणेतील दोष. परंतु हे संकेतांक दोषाचा परिसर सांगतात, भागाचे नाव सांगत नाहीत. पी-०३३५ आला म्हणजे सेन्सरच गेला असे नव्हे. त्याची वायर तुटलेली किंवा सॉकेट सैल असू शकते. पी-०१७१ फाटलेल्या नळीनेही येतो आणि थकलेल्या मोटरनेही येतो. म्हणून ‘स्कॅनरने सांगितले, सेन्सर बदला’ असे कोणी म्हणाल्यास, ‘वायर व सॉकेट तपासले काय?’ हा प्रश्न नम्रपणे जरूर विचारावा.

एक उदाहरण

आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी जुनी पेट्रोल गाडी घेतली. काही महिन्यांनी ती सकाळी सुरू होऊन बंद पडू लागली. एका गॅरेजमध्ये आधी प्लग बदलले. फरक पडला नाही. मग टाकीतील मोटर बदलली. तरीही तेच. नंतर ‘करंट कमी आहे’ म्हणून बॅटरी बदलली, तर दोष उलट वाढला. तीन नवे भाग आले, पण एक साधी गोष्ट कोणी विचारली नाही. पाय अॅक्सिलरेटरवर हलका ठेवला तर गाडी चालू राहत होती! वर सांगितलेली ही चौथी तऱ्हा. दुसऱ्या मेकॅनिकने हे ऐकताच थ्रॉटल बॉडी काढून साफ केली आणि गाडीला आयडलिंग पुन्हा शिकविण्याची त्या मॉडेलची ठरलेली कृती केली. गाडी ठीक झाली.

बॅटरी बदलल्यावर दोष वाढला, त्याचेही कारण यातच आहे. झडपेवर मळ साचत जातो तसा संगणक थोडी-थोडी जास्त हवा देऊन सांभाळून घेत असतो आणि तो हिशेब स्मरणात ठेवतो. बॅटरी काढली की काही गाड्यांत हे स्मरण पुसले जाते. मळ मात्र तेथेच राहतो.

डिझेल, गॅस आणि मिश्र पेट्रोल

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, त्यामुळे यादी लहान होते. डिझेलची जीप किंवा टेम्पो सुरू होऊन बंद पडत असेल, तर पहिला संशय हा की डिझेलच्या नळीत हवा शिरली आहे किंवा फिल्टरमध्ये पाणी अथवा कचरा साचला आहे. फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी रिकामी झाल्यावर हे हमखास घडते. ज्या गाड्यांना हातपंप आहे त्यांत तो मारून हवा काढावी लागते.

सीएनजीच्या बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. अशी गाडी पेट्रोलवर असतानाच बंद पडते की गॅसवर जाताना, हे पाहावे. पेट्रोलवरच बंद पडत असेल तर गॅसच्या किटला दोष देऊ नये. गॅस स्वस्त म्हणून टाकीत महिनोन्महिने नाममात्र पेट्रोल ठेवणारे अनेक जण आहेत. त्यांच्या गाडीतील मोटर कोरडी फिरून खराब होते.

२०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल पाणी धरून ठेवते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि मोटर तर तळाचेच ओढते. म्हणून गाडी फार दिवस पडून असेल, तर टाकीतील जुने इंधन हाही तपासाचा मुद्दा धरावा.

रस्त्यावर बंद पडल्यास

क्रांती चौकातील उड्डाणपुलाच्या चढावर, संध्याकाळच्या रहदारीत गाडी बंद पडली तर काय करावे? प्रथम हे जाणावे की इंजिन बंद होताच ब्रेकला मिळणारी मदत थांबते. साठलेल्या जोरावर एक-दोन वेळाच ब्रेक हलका लागतो, नंतर पाय जोराने दाबावा लागतो. म्हणून ब्रेक पुन्हा-पुन्हा न मारता एकदाच दाबून धरावा, हँडब्रेक ओढावा आणि चारही दिवे लुकलुकते करावेत. स्टिअरिंगही जड होते. गाडी हलत असताना किल्ली काढू नये, स्टिअरिंगला कुलूप लागते. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये अर्धा मिनिट थांबावे. तसेच घरी, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

गॅरेजला जाण्यापूर्वी

एका कागदावर पुढील गोष्टी लिहून न्याव्यात :

१) सुरू झाल्यावर किती सेकंद चालते? तीन वेळा मोजलेले आकडे.
२) रेस दिल्यावर टिकते काय?
३) थंड असताना, तापल्यावर, की दोन्ही वेळा?
४) डॅशबोर्डवर कोणता दिवा लागतो?
५) किल्ली ‘ऑन’ केल्यावर मोटरचा आवाज येतो काय?
६) दोष सुरू होण्याआधी गाडीला काय केले होते? पेट्रोल, सर्व्हिसिंग, बॅटरी, पावसाचे पाणी?

आणि एक नियम पाळावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व परिणाम लिहून ठेवावा. तीन भाग एकदम बदलले तर गाडी ठीक झाली तरी दोष कोणता होता हे कधीच कळत नाही, आणि बिल मात्र तिन्हींचे येते. काढलेला जुना भाग मागून घ्यावा. यात मेकॅनिकचा अपमान नाही. चांगला कारागीर असे गिऱ्हाईक आल्यास खूशच होतो, कारण त्याचे निम्मे काम झालेले असते.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

आपले शहर वाहन उद्योगाचे शहर आहे. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि २००१ साली शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम शिकविला जातो. दहावीनंतर पुढे काय, या विवंचनेत असलेल्या मुलामुलींनी याकडे कमीपणाने पाहू नये. आजचा मेकॅनिक पाने आणि ग्रीस यांच्याबरोबर विजेचे सर्किट वाचतो, संगणकाशी बोलतो आणि तर्क करतो. जो केवळ भाग बदलतो त्याला गल्लीत दहा स्पर्धक असतात. जो दोष शोधतो त्याच्याकडे त्या दहांची गिऱ्हाइके येतात.

वहीत गाडीचे नाव, लक्षण, केलेली तपासणी आणि सापडलेला दोष अशा चार रकान्यांची नोंद शिकाऊ मुलाने रोज करावी. अशी वही वर्षभर लिहिली, तर कोणत्याही महागड्या स्कॅनरइतकीच ती त्याच्या उपयोगी पडेल. आणि ज्यांना गॅरेजमध्ये काम करायचे नाही, त्यांनी निदान घरच्या गाडीसाठी वर दिलेले सहा प्रश्न कापून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावेत.